शव कोणी उचलावे?
आद्य ख्रिस्ती मंडळीचे अंत्यविधी आणि खानदेश

भुसावळ येथील जुन्या युरोपियन दफनभूमीत मेजर रॉबर्ट गिल यांची कबर आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती तयार करण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ साली ज्या लष्करी अधिकाऱ्याची नेमणूक केली, तेच हे गिल होत. जवळजवळ वीस वर्षे त्यांनी हे काम केले. लंडनजवळ सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेल्या त्यांच्या बहुतेक प्रतिकृती १८६६ सालच्या आगीत जळून गेल्या. १८७९ साली गिल निवर्तले. त्यांची सहचरी पारो हिची कबर घाटापलीकडे अजिंठा गावी असून २३ मे १८५६ ही तिच्या मृत्यूची तारीख तेथील शिळेवर कोरलेली आहे. बुद्धाच्या चित्रांपायी आयुष्य वेचलेला हा ख्रिस्ती मनुष्य खानदेशच्या मातीत पुरला गेला, हा विषय आमच्या अभ्यासवर्गात निघाला तेव्हा एका तरुण उपासकाने विचारले, "ख्रिस्ती लोक पुरतात आणि आपण जाळतो. पण आपले आजेपणजे तर पुरतच होते ना? मग ही चाल नेमकी कोणाची?"

प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर एका वाक्यात देता येईना. ते शोधताना आम्हांस आद्य ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासात बरेच मागे जावे लागले.

पुरणे ही परक्यांची चाल आणि जाळणे ही या देशाची, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. खानदेशापुरते बोलावयाचे तर तो टिकत नाही. चाळीसगाव तालुक्यात गिरणेच्या काठी बहाळ येथे १९५० च्या दशकात भारतीय पुरातत्त्व खात्याचे म. न. देशपांडे यांनी उत्खनन केले. नदीच्या पलीकडच्या काठावर टेकवाडे येथे त्यांना ताम्रपाषाण युगातील दफने मिळाली. काही मातीच्या कुंभांत केलेली, तर एक खड्ड्यात. म्हणजे गिरणेच्या काठी मृतास पुरण्याची चाल तीन हजार वर्षांहून जुनी आहे. पुढील काळातही भिल्ल समाजात आणि पूर्वाश्रमीच्या महार समाजात पुष्कळ ठिकाणी मृतास पुरीतच असत. त्यात धर्मशास्त्रापेक्षा दारिद्र्याचा भाग मोठा होता. चितेला लाकूड लागते आणि लाकडाला पैसा लागतो.

येथे गावगाड्यातील एक क्रूर विसंगती ध्यानात घ्यावी लागते. गावात मोठ्या घरी मयत झाली की तिचा सांगावा परगावच्या नातेवाइकांकडे पायी नेण्याचे काम महाराचे. चितेसाठी लाकडे पुरविण्याचे कामही त्याचेच. शवावरील वस्त्रावर त्याचा 'हक्क' सांगितला जाई आणि तो हक्कच त्याच्या अस्पृश्यतेचा पुरावा ठरे. दुसऱ्याच्या चितेला लाकूड वाहणारा मनुष्य आपल्या बापाला मात्र मातीत ठेवी. आमच्या आजोबांनी तरुणपणी असे सांगावे नेले होते. ते सांगत, की रात्री कंदील घेऊन पाच कोस चालत जावे, वेशीबाहेरून हाक द्यावी, "अमक्याची मौत झाली" एवढेच म्हणावे, आणि ओंजळीत वरून टाकलेली भाकर घेऊन परतावे. ज्या घरचे दुःख त्यांनी वाहून नेले, त्या घराच्या ओसरीवर ते कधी चढले नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते याच वेठीविरुद्ध. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा मात्र १९५८ साली झाला.

म्हणून दफन की दहन हा प्रश्न आम्हांस दुय्यम वाटतो. शवाला हात कोणी लावावयाचा, आणि ज्याने लावला त्याला समाज कोठे उभा करतो, हा खरा प्रश्न होय. हाच प्रश्न घेऊन आपण रोमन साम्राज्यात जाऊ. कारण ख्रिस्ती मंडळी वाढली ती तेथे, आणि तिच्या अंत्यविधींचे वेगळेपण तेथल्या चालीरीतींशेजारी ठेवल्यावाचून कळत नाही.

इ.स.पू. पाचव्या शतकातील बारा फलकांच्या कायद्याने रोम नगराच्या आत शव पुरण्यास वा जाळण्यास मनाई केली होती. मृताची जागा वेशीबाहेर. तेथवर आश्चर्य नाही. पण शव हाताळणाऱ्या माणसांचीही जागा वेशीबाहेरच होती, हे कमी लोकांस ठाऊक असते. इटलीत नेपल्सजवळ पुतेओली नावाचे बंदर होते. तेथे प्रेत उचलण्याच्या मक्त्याविषयीचा एक नगर-कायदा संगमरवरी शिळेवर कोरलेला सापडला आहे. त्यातील अटी वाचताना आम्ही क्षणभर थबकलो. प्रेत उचलणाऱ्या मजुरांनी लिबितिना या मृत्युदेवतेच्या उपवनाजवळच्या बुरुजाच्या अलीकडे राहू नये. रात्रीचा पहिला प्रहर उलटल्यावर त्यांनी स्नान करू नये. प्रेत उचलणे किंवा शिक्षेची अंमलबजावणी याखेरीज अन्य कामास नगरात येऊ नये. आणि येतील तेव्हा डोक्यावर रंगीत टोपी घालावी, म्हणजे पाहणाऱ्यास ओळख पटेल. गळ्यात मडके आणि कमरेला झाडू असलेल्या माणसाची आठवण ज्यांच्या रक्तात आहे, त्यांना या टोपीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. रोममधील हे मजूर आपल्याकडील अर्थाने जात नव्हते. बहुतेक दास होते आणि त्यांच्या मागे जन्माचे शास्त्र नव्हते. हा भेद मोठा आहे, तो पुसू नये. परंतु शवाचा विटाळ शव उचलणाऱ्याच्या अंगावर टाकून आपण शुद्ध राहण्याची युक्ती दोन्हीकडे एकच आहे.

योगायोग असा, की बायबलातील 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथानुसार पौल कैदी म्हणून रोमकडे नेला जात असता याच पुतेओली बंदरात उतरला आणि तेथे त्याला ख्रिस्ती बांधव भेटले. इ.स. ६० च्या सुमाराची ही गोष्ट. ज्या नगराने प्रेतवाहकांना टोपी घालावयास लावली, त्याच नगरात अगदी आरंभीची एक ख्रिस्ती मंडळी नांदत होती.

गरिबाच्या प्रेताचे काय होत असे? रोमच्या एस्क्विलिन टेकडीवर दरिद्री आणि बेवारस प्रेते टाकण्याचे सामाईक खड्डे होते. एकोणिसाव्या शतकातील खोदकामात ते उघडे पडले. त्या खड्ड्यात जावे लागू नये म्हणून लहान माणसे मंडळ्या स्थापन करीत. रोमजवळच्या लानुवियम गावी इ.स. १३६ चा एका अशा मंडळीच्या नियमांचा शिलालेख आहे. प्रवेशासाठी १०० सेस्टर्स आणि चांगल्या मद्याची एक घागर, त्यानंतर दरमहा ५ अस वर्गणी, आणि मृत्यूनंतर अंत्यविधीसाठी ३०० सेस्टर्स, असा तो हिशेब आहे. दासांनाही सभासद होता येई. एक कलम तर असे आहे, की दास सभासद मेला आणि धन्याने दुष्टाव्याने त्याचे प्रेत दिले नाही, तर त्याच्या प्रतिमेचा अंत्यविधी करावा. जिवंतपणी ज्याचे शरीर दुसऱ्याच्या मालकीचे, त्याचे प्रेतही दुसऱ्याच्या मालकीचे. आणि तरी त्याच्या सोबत्यांनी एक बाहुले करून का होईना, त्याला माणसासारखा निरोप देण्याचे ठरविले. इतिहासाच्या पुस्तकांत सम्राटांच्या विजयांना पाने मिळतात. आम्हांस हे एक कलम अधिक मोलाचे वाटते.

तेव्हा परस्परांच्या अंत्यविधीची काळजी घेणे ही ख्रिस्ती मंडळीने शोधून काढलेली गोष्ट नव्हे. वर्गणीची पद्धतही तिने बहुधा अशाच मंडळ्यांकडून उचलली. फरक पुढे पडतो. लानुवियमची मंडळी वर्गणी भरणाऱ्याला पोहोचवीत असे. कार्थेजचा लेखक टर्टुलियन इ.स. १९७ च्या सुमारास आपल्या समर्थनपर ग्रंथात सांगतो, की आमच्यात दरमहा ज्याला जमेल तो जमेल तेवढे देतो, सक्ती कोणावर नाही, आणि हा पैसा मेजवान्यांवर न जाता गरिबांना अन्न देण्यात व त्यांना पुरण्यात, अनाथ मुलांवर, म्हाताऱ्यांवर आणि खाणींत शिक्षा भोगणाऱ्यांवर खर्च होतो. त्याच्याही आधी अथेन्सच्या अरिस्टायडीसने रोमन सम्राटास उद्देशून लिहिले होते, की आमच्यातील गरीब मरण पावला तर ज्याला कळेल तो आपल्या ऐपतीप्रमाणे त्याच्या दफनाची तजवीज करतो. हिप्पोलिटसच्या नावावर असलेल्या 'प्रेषितीय परंपरा' या नियमग्रंथात तर स्पष्टच आहे, की दफनभूमीत पुरण्यासाठी कोणाकडून जबर पैसा घेऊ नये, ती गरिबांसाठी आहे. खणणाऱ्याची मजुरी आणि फरशीची किंमत तेवढी घ्यावी.

रोमच्या परिसरात मऊ ज्वालामुखी खडक आहे. दुसऱ्या शतकाच्या अखेरीपासून ख्रिस्ती लोकांनी त्यात भुयारी दफनभूमी खोदल्या. त्यांनाच कॅटाकोम्ब म्हणतात. ज्यू लोकांच्याही अशा भुयारी दफनभूमी रोममध्ये आहेत. अरुंद बोळ, दोन्ही बाजूंच्या भिंतींत एकावर एक कोनाडे, प्रत्येकात कापडात गुंडाळलेले एक शव, आणि तोंडाशी फरशी किंवा विटा. आपली लेणीही खडक पोखरून केलेली, म्हणून वाचकास सादृश्य सुचेल. पण कॅटाकोम्ब हे विहार नव्हते. छळाच्या काळात ख्रिस्ती लोक तेथे लपून राहत, ही कादंबरीकारांनी लोकप्रिय केलेली कल्पना होय.

त्या बोळांत काम करणाऱ्यांना 'फोसोर' म्हणत, म्हणजे खणणारे. आमच्या विषयाचा गाभा येथे आहे. उत्तर आफ्रिकेतील सिर्ता नगरात इ.स. ३०३ मध्ये सरकारी अधिकारी ख्रिस्ती मंडळीची मालमत्ता जप्त करावयास गेले, त्या वेळची नोंद उपलब्ध आहे. जागेवर कोण कोण हजर होते याची यादी तीत आहे. प्रथम बिशप, मग वडील, मग सेवक, मग उपसेवक, आणि त्यांच्या पाठोपाठ, नावानिशी, फोसोर. ही यादी मंडळीने आपल्या स्तुतीसाठी केलेली नाही. छळ करणाऱ्या शासनाच्या कारकुनी नोंदीत ती आहे, म्हणून तिचे मोल अधिक. पुतेओलीत ज्याला नगरात येताना टोपी घालावी लागे, त्याच कामाचा माणूस येथे धर्मगुरूंच्या रांगेत, शेवटी का होईना, नावासह उभा आहे. रोमच्या डोमितिला कॅटाकोम्बमध्ये दियोगेनेस नावाच्या फोसोराचे चौथ्या शतकातील चित्र होते. एका हातात कुदळ, दुसऱ्या हातात दिवा, भोवती कामाची अवजारे. अठराव्या शतकात ते चित्र भिंतीवरून सोडविण्याच्या प्रयत्नात फुटून गेले. आज ते जुन्या रेखाटनांवरूनच ओळखतात. खड्डे खणणाऱ्या मजुराचे नाव आणि चेहरा त्याच्या स्वतःच्या कबरेवर रंगविला गेला होता.

आणखी एक माणूस सांगितला पाहिजे. कॅलिक्स्टस हा मूळचा दास. तो सार्डिनियाच्या खाणींत शिक्षा भोगून आला होता. रोमचा बिशप झेफिरिनस याने त्याला दफनभूमीचा कारभार सोपविला, आणि इ.स. २१७ च्या सुमारास तोच रोमचा बिशप झाला. आपिया मार्गावरची विस्तीर्ण भुयारी दफनभूमी आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. ही हकीकत आपल्याला त्याचा कट्टर विरोधक हिप्पोलिटस याच्या लेखणीतून मिळते. त्याने ती बदनामीसाठी लिहिली. आम्ही ती वेगळ्या नजरेने वाचतो.

तिसऱ्या शतकाच्या मध्यास साम्राज्यात मोठी साथ आली. अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस याने त्या दिवसांविषयी लिहिलेले पत्र युसेबियसच्या इतिहासात जतन झाले आहे. ख्रिस्ती लोक मृतांचे डोळे व तोंड मिटीत, त्यांना खांद्यावर घेत, धुऊन वस्त्रात गुंडाळीत, आणि थोड्याच दिवसांत स्वतःही मरत, असे तो लिहितो. इतर लोक मात्र आजाऱ्यांना अर्धमेले असतानाच रस्त्यावर टाकीत. लेखक आपल्या पक्षाचा आहे, तेव्हा दुसरा भाग जपून घ्यावा. पहिल्या भागाला मात्र विरोधकाचीही साक्ष आहे. ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या देवतांकडे वळलेला सम्राट ज्युलियन याच्या नावाचे इ.स. ३६२ च्या सुमाराचे एक पत्र आहे. परक्यांविषयीचा दयाभाव आणि मृतांच्या दफनाची काळजी यांमुळे हे लोक वाढले, असे तो आपल्या पुरोहितास चिडून सुनावतो.

आता श्रद्धेचा भाग. दफनभूमीला त्यांनी ग्रीक भाषेत 'कोइमेतेरिऑन' म्हटले, म्हणजे निजण्याची जागा. अखेरच्या दिवशी देह पुन्हा उठेल, ही त्यामागील समजूत. अनित्य आणि अनात्म मानणाऱ्यांना ती पटण्याजोगी नाही, हे सांगावयास नको. पण आरंभीच्या ख्रिस्ती विचारवंतांनीही दफनाला सिद्धांताचा दर्जा दिला नव्हता. मिनुकियस फेलिक्सच्या संवादग्रंथातील ख्रिस्ती पात्र म्हणते, की देह कसाही नष्ट झाला तरी आमचे काही बिघडत नाही. आम्ही पुरतो ते जुनी व बरी चाल म्हणून. इ.स. १७७ मध्ये ल्योन येथे छळ करणाऱ्यांनी हुतात्म्यांची प्रेते जाळून राख ऱ्होन नदीत टाकली, ती ह्यांचे पुनरुत्थान होऊ नये म्हणून. स्मर्ना येथील पॉलिकार्प हा दुसऱ्या शतकात जाळला गेला तेव्हा अनुयायांनी त्याच्या अस्थी सोन्याहून मोलाच्या मानून वेचल्या आणि त्याच्या मृत्युदिनाला जन्मदिन म्हणून त्या जागी दरवर्षी जमण्याचे ठरविले. धातू आणि स्तूप यांची परंपरा ज्यांची आहे, त्यांना यात परके काही वाटू नये. भाजे येथे चौदा लहान स्तूपांचा समूह आहे. त्यांतील काहींवर धम्मगिरी, संघदिन अशी स्थविरांची नावे कोरलेली आहेत. तेही मृतांस नावाने जपणेच होय.

आणि महापरिनिब्बानसुत्तातील एक प्रसंग येथे मुद्दाम आठवावा असा आहे. भगवंतांचा देह नगराच्या दक्षिणेकडून बाहेरच्या बाहेर न्यावा, असा कुसिनारेच्या मल्लांचा बेत होता. तो बदलला. देह उत्तरेच्या वेशीने नगरात आणला गेला, भर मध्यातून नेला गेला, आणि पूर्वेच्या वेशीने मकुटबंधन चैत्याकडे गेला. तो खांद्यावर घेतला तो मल्लांच्या आठ प्रमुखांनी. भाडोत्री प्रेतवाहकांनी नव्हे. सुत्तकार याचे श्रेय देवांच्या इच्छेला देतो. ते बाजूस ठेवले तरी शव वेशीबाहेर ठेवण्याचा आणि त्याला हात न लावण्याचा संकेत येथे जाणूनबुजून मोडलेला दिसतो.

ख्रिस्ती मंडळीत हे फार काळ टिकले नाही. चौथ्या शतकात धर्माला राजाश्रय मिळाला. हुतात्म्यांच्या कबरेजवळची जागा मानाची ठरली, आणि तेच फोसोर आता जागा विकू लागले. खरेदीदाराचे नाव, किंमत आणि साक्षीदार सांगणारे लेख कबरांवर आढळतात. गरिबांची दफनभूमी ऐपतीप्रमाणे वाटली जाऊ लागली. जुन्या चालीही आत शिरल्याच होत्या. तिसऱ्या, नवव्या दिवशी आणि वर्षश्राद्धासारखे कबरेपाशी जेवण घालणे हे रोमन घरांतून आलेले. ऑगस्टीनची आई मोनिका मिलान येथे असे अन्न घेऊन गेली तेव्हा बिशप अँब्रोजच्या मनाईमुळे द्वारपालाने तिला परत पाठविले. धर्म बदलला तरी तेराव्याची पंगत उठत नाही, याचा अनुभव आपल्याही घरांतून आहे. पुढे आठव्या शतकात शार्लमेनने जिंकलेल्या सॅक्सन लोकांत मृतास जाळणाऱ्यास देहान्त शिक्षा ठेवली. चाल होती ती हुकूम झाली. रोमन कॅथलिक चर्चने दहनावरील बंदी १९६३ साली उठविली.

हा धर्म मिशनऱ्यांबरोबर खानदेशात आला तो फार उशिरा. विसाव्या शतकाच्या प्रारंभी स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनने पश्चिम खानदेशात, नवापूर-नंदुरबारकडील आदिवासींत काम सुरू केले. चिंचपाड्याचे रुग्णालय १९४२ पासूनचे. १९९८ पर्यंत हा मुलूख धुळे जिल्ह्यातच होता. येथील भिल्लांना पुरणे नवे नव्हते. नवे काही असेल तर ते हे, की मृतापाशी सारी मंडळी एकत्र उभी राहावी. देशात इतरत्र हे घडले का? बाबासाहेबांनी धर्मांतरित ख्रिस्ती अस्पृश्यांच्या स्थितीवर लिहिताना मद्रास इलाख्यातील अशा लोकांनी सायमन आयोगाला दिलेल्या निवेदनाचा दाखला दिला आहे. आम्ही पूर्वी होतो तेच आजही आहोत, असा त्याचा आशय. तिरुचिरापल्लीत मेलपुदूर येथील ख्रिस्ती दफनभूमीत दलितांची थडगी वेगळी ठेवणारी भिंत उभी राहिली. ज्या मंडळीने खणणाऱ्याला आपल्या रांगेत घेतले, तिच्याच वारसांनी मातीखाली जात नेली.

आणि दुसरी बाजूही आहे. छत्तीसगडमधील बस्तर जिल्ह्यात छिंदवाडा गावी महरा जातीतून आलेले एक ख्रिस्ती पाद्री ७ जानेवारी २०२५ रोजी वारले. गावकऱ्यांनी त्यांना गावात पुरू दिले नाही. आपल्या घरातील आधीचे मृत याच गावात पुरले आहेत, असे त्यांच्या मुलाचे म्हणणे होते. तो उच्च न्यायालयात गेला, मग सर्वोच्च न्यायालयात गेला. तोवर प्रेत शवागारात पडून होते. २७ जानेवारीस दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला आणि अखेर वीसएक किलोमीटर दूर करकापाल येथे दफन करण्याचा आदेश निघाला. वीस दिवस एका माणसाला साडेतीन हात जमीन मिळाली नाही.

त्या तरुण उपासकाच्या प्रश्नाकडे परत येतो. ७ डिसेंबर १९५६ रोजी दादरच्या समुद्रकिनारी बाबासाहेबांच्या देहाला अग्नी दिला गेला. त्यानंतर आपल्या अनेक कुटुंबांत पुरण्याची चाल मागे पडून दहन रूढ झाले. काही गावांत दोन्ही चालू राहिले. धम्माची आज्ञा यांपैकी एकाही बाजूस नाही. मात्र जुन्या मसणवट्यांची आठवण पुसली जात आहे, आणि ती ठेवणारी पिढी थकली आहे. म्हणून आमच्या अभ्यासवर्गाने जळगाव व धुळे जिल्ह्यांतील वृद्ध उपासक-उपासिकांकडून माहिती टिपून घेण्याचे ठरविले आहे. वाचकांनी आपापल्या गावाची माहिती कळवावी. आपला मसणवटा नदीच्या कोणत्या अंगास होता? तो गावाच्या स्मशानापासून किती दूर होता? सांगावा नेणाऱ्यांची नावे कोणास आठवतात काय? गावातील शेवटचे लाकूड कोणी वाहिले आणि ते कोणत्या साली नाकारले? आपल्या मृतासाठी खड्डा कोण खणीत असे?